लवंग न घालता लवंगेचा वास: बेल्जियन स्ट्राँग एलची चव

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. धाकट्या भावाने ब्रसेल्सहून येताना बेल्जियन स्ट्राँग एल ह्या कडक बिअरच्या दोन बाटल्या आणल्या, एक ड्युवेल आणि एक शिमे ब्लू. एकीवर साडेआठ टक्के अल्कोहोल, दुसरीवर नऊ टक्के. आपल्याकडच्या स्ट्राँग बिअरपेक्षा जरा जास्त कडक, एवढंच समजून तुम्ही ड्युवेल फ्रीजमधून काढली आणि स्टीलच्या ग्लासात ओतली. अर्धा ग्लास फेसानेच भरला, वास लवंगेचा आणि पिकल्या फळांचा आला, शेवटी गाळ उतरला. शिमे अजून सांगलीच्या विश्रामबागेतल्या घरी तशीच पडून आहे. तुमचं म्हणणं, पहिली खराब झाली होती का, ह्यात मसाला घालतात का, आणि दुसरी नीट चव घेऊन प्यायची तर काय करायचं?

खराब नव्हती. मसाला नव्हता. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर लांबणार आहे.

आधी मी कुठून बोलतोय ते सांगतो. वाळवा तालुक्यातल्या एका साखर कारखान्याच्या आसवनीत, म्हणजे डिस्टिलरीत, मी केमिस्ट होतो, नंतर पुण्यात एका मायक्रोब्रुअरीत बिअर बनवली, आणि आता सांगलीत राहून ब्रुअरींना यीस्ट आणि चव-तपासणीचा सल्ला देतो. म्हणजे यीस्टशी माझा दोन्ही बाजूंनी संबंध आला. आसवनीत त्याच्याकडून फक्त अल्कोहोल हवं असतं, बाकी जे तो सोडतो ते ऊर्ध्वपातनाच्या स्तंभातून वेगळं काढायचं. बेल्जियन ब्रुअर नेमकं ते ‘बाकीचं’ सांभाळतो आणि तेच विकतो. तुम्हाला आलेला लवंगेचा वास त्यातलाच.

जवाच्या सालीत फेरुलिक आम्ल असतं. दळलेला माल्ट (मोड आणून वाळवलेलं जव) गरम पाण्यात भिजवला की त्यातलं थोडं सुटं होऊन रसात उतरतं. बहुतेक लागरची, म्हणजे थंडीत आंबवलेल्या आपल्या नेहमीच्या बिअरची, यीस्ट त्याला हात लावत नाहीत. बेल्जियन एलची (एल म्हणजे उबेत आंबवलेली बिअर) आणि जर्मन गव्हाच्या बिअरची यीस्ट मात्र त्या आम्लातून कार्बन डायऑक्साइड काढून टाकतात आणि मागे ४-व्हिनाइल ग्वायकॉल नावाचं द्रव्य राहतं. खऱ्या लवंगेचा वास युजेनॉलचा असतो. ह्या दोन रेणूंची रचना जवळपास एकच, बाजूची साखळी तेवढी एका कार्बनने आखूड. नाकाला एवढा फरक समजत नाही, ते लवंगच म्हणतं. तुमच्या नाकाने चूक केलेली नाही.

फळांचं गणित वेगळं. आसवनीत काम केलेल्या माणसाला फ्युजेल ऑइलचा, म्हणजे आंबवणीत निघणाऱ्या जड अल्कोहोलांच्या मिश्रणाचा, घशात खवखव आणणारा वास सांगावा लागत नाही. त्यातलं मुख्य द्रव्य म्हणजे आयसोअमाइल अल्कोहोल. यीस्टने त्यालाच अॅसिटेटचा तुकडा जोडला की तयार होतं आयसोअमाइल अॅसिटेट, म्हणजे पिकल्या केळ्याचा वास. इथाइल हेक्झानोएट असेल तर सफरचंद आणि थोडी बडीशेप. आमच्याकडे जे बाजूच्या टाकीत जायचं, त्याचंच हे सुगंधी रूप. किती निघावं ते यीस्टच्या जातीवर, रसाच्या दाटपणावर आणि मुख्य म्हणजे तापमानावर अवलंबून. बेल्जियन ब्रुअर साधारण १८ अंशांना यीस्ट टाकतो आणि आंबवण जोर धरेल तसं तापमान २४-२६ पर्यंत, काही ठिकाणी त्याच्याही वर, चढू देतो. लागर १० ते १२ अंशांत आंबते. आसवनीतला वॉश (आंबवायचा द्रव) ३२-३३ ला जातो, कारण तिथे वासाची फिकीर कुणालाच नसते. पहिल्याच दिवशी तापमान हाताबाहेर गेलं की केळ्याच्या जागी थिनरचा वास येतो. ही सगळी कला त्या पहिल्या दोन-तीन दिवसांत आहे, असं माझं मत.

काही बेल्जियन बिअरमध्ये धने आणि नारंगीची साल घालतात हे खरं. विटबिअर म्हणजे ती गढूळ पांढरट गव्हाची बिअर, तिच्यात तर हटकून. पण तुमच्या दोन्ही बाटल्यांवरचे घटक वाचा. मसाल्याचा डबा कुठे सापडणार नाही.

आता साखर. इथे साखरपट्ट्यातल्या माणसाशी बोलतोय म्हणून ब्रिक्समध्ये, म्हणजे शंभर ग्रॅम रसात किती ग्रॅम साखर ह्या मापात, सांगतो. ह्या जातीच्या बिअरचा कच्चा रस साधारण १७ ते २० ब्रिक्सचा असतो. चांगल्या उसाचा रसही तेवढाच. साध्या बिअरचा रस ११-१२ च्या आसपास. एवढ्या दाट रसातून नऊ टक्के अल्कोहोल निघणार, त्यात नवल नाही. नवल पुढे आहे. नुसत्या माल्टवर नऊ टक्के गाठले तर बिअर जड, चिकट, गोडसर होते, कारण माल्टमधल्या सगळ्या शर्करा यीस्टला पचत नाहीत. म्हणून बेल्जियन ब्रुअर किण्वनक्षम मालातला दहा ते वीस टक्के वाटा सरळ साखरेचा ठेवतो. ऐकणाऱ्याला वाटतं, साखर घातली म्हणजे बिअर गोड होणार. होतं उलटं. साखर पूर्ण आंबते, मागे काही ठेवत नाही, आणि बिअर कोरडी (म्हणजे गोडी न उरलेली) आणि हलकी राहते. सोनेरी जातीत शेवटचं माप दोन-तीन ब्रिक्सवर येऊन टेकतं. ड्युवेलमध्ये ही साखर डेक्स्ट्रोजच्या रूपात जाते. काळसर बिअरमध्ये बऱ्याचदा भाजून केलेला गर्द पाक जातो, त्याच्याकडे नंतर येऊ.

मग गूळ का नाही, हा प्रश्न सांगली-कोल्हापूरचा माणूस हमखास विचारतो. ब्रुअरीत वापरून पाहिलाय. आंबताना खोलीत असा वास सुटतो की काम सोडून उभं राहावं. पण गुळात पोटॅशियमसारखी खनिजं भरपूर, ती आंबत नाहीत. घोट गिळल्यावर जिभेवर खारट, थोडी राखट चव रेंगाळते. कोरड्या सोनेरी बिअरमध्ये ती लगेच उघडी पडते, काळसर बिअरमध्ये थोडा गूळ खपून जातो. आणि हे घरी करून बघू नका. महाराष्ट्रात परवान्याशिवाय बिअर बनवणं गुन्हा आहे.

एवढी कडक बिअर त्या देशात इतकी रुळली कशी, त्यामागे एक कायदाही आहे. बेल्जियममध्ये १९१९ च्या व्हांडरव्हेल्ड कायद्याने सार्वजनिक ठिकाणी जिनसारखी स्पिरिट्स विकायला बंदी आली आणि ती १९८० च्या दशकापर्यंत टिकली. लोकांना कडक काहीतरी हवं होतं, ते ब्रुअरींनी पुरवलं. ड्युवेलची जन्मकथा त्याच काळातली. ब्रेनडोंकच्या मोर्टगाट ब्रुअरीने पहिल्या महायुद्धानंतर स्कॉटलंडमधून यीस्ट आणून ही बिअर केली. सुरुवातीचं नाव ‘व्हिक्टरी एल’ आणि रंगही गडद. आजची फिकट सोनेरी ड्युवेल १९७० च्या सुमाराची आहे.

आता फेस आणि गाळ. दोन्हीचं कारण एकच. बाटली भरताना थोडी साखर आणि ताजं यीस्ट घालतात, बूच लावतात आणि बाटली उबदार खोलीत ठेवतात. आत पुन्हा आंबवण होते, कार्बन डायऑक्साइडला बाहेर जायला वाट नसते, तो बिअरमध्येच विरघळतो. आपल्या नेहमीच्या बिअरमध्ये एका लिटरला अडीच लिटरच्या आसपास वायू असतो. ह्यांच्यात साडेतीन, कधी चार लिटरच्या घरात. म्हणून बाटलीची काच जाड. काम संपलं की यीस्ट तळाला बसतं, तोच तुमचा गाळ. विषारी नाही, पण त्याने बिअर गढूळ होते, पावासारखी चव वर येते आणि काहींच्या पोटात गुडगुड होते. मी शेवटचा सेंटीमीटरभर भाग बाटलीतच सोडतो.

स्टीलच्या ग्लासाशी माझं वैर नाही, ताक त्यातच प्यावं. पण इथे त्याने तुमचे तीन तोटे केले. रंग दिसला नाही, वास वरच्या वर उडून गेला, आणि घासणीचा साबण किंवा तुपाचा अंश राहिला असेल तर फेस आधी भसाभस आला आणि मग मेला. ट्युलिपच्या आकाराचा, पोट फुगीर आणि तोंड किंचित आत वळलेला काचेचा ग्लास घ्या. तो नसेल तर वाइनचा किंवा ब्रँडीचा चालेल. नुसत्या पाण्याने दोनदा विसळा, फडक्याने पुसू नका, पालथा घालून निथळू द्या.

शिमे आदल्या दिवसापासून फ्रीजमध्ये उभी ठेवा, आडवी नको, गाळ तळाशीच राहायला हवा. आपल्या फ्रीजमध्ये चार-पाच अंश असतात, ह्या बिअरला ते फार थंड. इतक्या थंडीत वास ग्लासातून वर उठतच नाहीत आणि जीभ बधिर होते. ड्युवेलसारखी सोनेरी सहा ते दहा अंशांत बरी, शिमेसारखी काळसर दहा ते चौदा अंशांत. डिसेंबर-जानेवारीत बाटली वीसेक मिनिटं बाहेर ठेवा, एप्रिलच्या सांगलीत दहा पुरे. सुरुवातीला जरा थंडच असू द्या. हातात ग्लास धरून पिता पिता ती चढत जाते आणि प्रत्येक पाच-सात मिनिटांनी वेगळी लागते. हाच ह्या बिअरचा खरा आनंद, आणि एका दमात ग्लास रिकामा करणाऱ्याच्या वाट्याला तो येत नाही.

ओतताना ग्लास तिरका धरा, बिअर काठावरून हळू सोडा, अर्ध्यानंतर ग्लास सरळ करा. बाटली एकदा कलती केली की मध्ये उभी करायची नाही, नाहीतर गाळ हलतो. फेस दोन-तीन बोटं झाला पाहिजे. तो थोडा बसायच्या आत पहिला वास घ्या, कारण सगळ्यात हलकी द्रव्यं बुडबुड्यांबरोबर आधी निघून जातात. लांब श्वास ओढू नका. दोन-तीन छोटे हुंगे पुरतात. नाक थकलं की स्वतःच्या मनगटाचा किंवा बाहीचा वास घ्या आणि परत ग्लासाकडे या. परीक्षक हेच करतात, बघणाऱ्याला चमत्कारिक वाटतं. अत्तर किंवा गजरा त्या वेळी जवळ नको. घोट घेतल्यावर तोंडभर फिरवा, गिळा, तोंड मिटून श्वास नाकाने सोडा. निम्मी चव त्या श्वासावर येते.

दोन्ही बाटल्यांत मला काय सापडतं ते आता सांगतो. तुम्हाला तेच सापडावं असं नाही.

ड्युवेल आधी, कारण ती तुम्ही प्यालात आणि घाईत प्यालात. रंग फिकट सोनेरी, गाळ न हलवता ओतली तर आरपार दिसते. फेस पांढराशुभ्र, दाट, ग्लासाच्या कडेला जाळी सोडत खाली उतरतो. वासात आधी नाशपाती आणि हिरवं सफरचंद, त्यामागे कागदी लिंबाची साल नखाने खरवडल्यावर येते ती टोकदार तरतरी. मग साझ जातीच्या हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणाऱ्या वेलीच्या फुलांचा, गवती, किंचित फुलांचा वास. लवंग आहे, पण मागच्या रांगेत. मला पुढे जाणवते ती पांढरी मिरी. तुम्हाला लवंग ठळक वाटली त्याचं एक कारण गाळ मिसळला हे असू शकतं, दुसरं म्हणजे फ्रीजमधून थेट काढल्याने बाकीचे नाजूक वास दबले. घोट घेतला की सुरुवातीला जरा गोड वाटते, लगेच बुडबुडे ती गोडी उचलून नेतात आणि शेवट कोरडा, स्वच्छ, कडवट. कडूपणा जिभेच्या मुळाशी थोडा वेळ राहतो आणि पुढचा घोट मागतो. साडेआठ टक्के कुठे आहेत? गिळल्यावर दोन-तीन सेकंदांनी छातीच्या वरच्या भागात एक ऊब जाणवते, बस. ह्या बिअरबद्दल माझी तक्रार असेल तर ती हीच, की ती इतकी सोपी लागते. पिणाऱ्याला धोका कळत नाही.

शिमे ब्लू पूर्ण वेगळी. ती स्कूरमोंच्या मठातली. १९४८ मध्ये नाताळची बिअर म्हणून सुरू झाली आणि पुढे बाराही महिने मिळू लागली. ट्रॅपिस्ट ह्या ख्रिस्ती साधूपंथाच्या मठांच्या बिअरवर एक षट्कोनी शिक्का असतो. त्याचा अर्थ बिअर मठाच्या आवारात, साधूंच्या देखरेखीखाली झाली आणि नफा मठाच्या चरितार्थाला आणि समाजकार्याला जातो. शिक्का चवीची हमी देत नाही, हेही लक्षात असू द्या. ट्रॅपिस्ट म्हटलं की डोळे मिटून ‘वा’ म्हणणारे लोक मला आवडत नाहीत. पण ब्लूच्या बाबतीत ते ‘वा’ बहुतेक वेळा रास्त असतं.

ग्लास खिडकीकडे धरा. वरून काळसर तपकिरी दिसते, उजेडात कडेला गडद तांबडी झाक येते. फेस सायीच्या रंगाचा. पहिल्या वासात पावाची भाजलेली कड आणि थोडी लवंग. दोन मिनिटांनी मनुका येतो, आणि इथे तासगाव-मिरजेकडच्या माणसाचं नाक बेल्जियन माणसाच्या वरचढ ठरतं. कारण शेडमध्ये सावलीत सुकवलेल्या हिरव्या बेदाण्याचा हलका, आंबटसर वास आणि उन्हात काळ्या पडलेल्या मनुक्याचा जड, दारूसारखा वास ह्यांतला भेद आपल्याला लहानपणापासून माहीत असतो. शिमेत काळा मनुका आहे. त्याच्याजवळच सुकं अंजीर. आणखी थोडी ऊब चढली की काकवी. गूळ नव्हे, काकवीच. गुऱ्हाळावर रस आटत येतो, गुळव्या काहील उतरवायच्या बेतात असतो, तेव्हा वाफेला जो वास येतो तो. रंगीत माल्ट भाजताना आणि साखरेचा पाक काळा करताना शर्करा आणि अमिनो आम्लं एकमेकांशी भिडून जी शेकडो द्रव्यं तयार होतात, त्यांतली बरीच आटणाऱ्या रसातही होतात. म्हणून ही सारखीच ओळख पटते, ती मनाचे खेळ नव्हेत.

घोटात आधी गोडी, मग करपत आलेल्या साखरेची किंचित कडू झाक, मध्ये कोकोची पुसट आठवण, आणि शेवट अपेक्षेपेक्षा कोरडा. वासावरून वाटतं पाक पिणार आहोत, गिळल्यावर तोंड मोकळं. त्या विरोधातच ही बिअर आहे. हॉप्सचा कडूपणा जेमतेम, गोडीला तोल देण्यापुरता. ग्लासातले शेवटचे तीन-चार घोट जवळपास पंधरा अंशांवर येतील, तेव्हा मिरी आणि लवंग परत वर येतात आणि अल्कोहोलची ऊबही जरा स्पष्ट होते. मला तो भाग सगळ्यात आवडतो. पुष्कळांना आवडत नाही, त्यांनी सगळी बिअर दहा अंशांतच संपवावी.

चांगली की वाईट हे ठरवताना मी फळांची यादी करत बसत नाही. दोनच गोष्टी बघतो. जोर लपलाय का, आणि शेवट कोरडा आहे का. नऊ टक्के अल्कोहोल नाकात टोचत असेल, जिभेच्या शेंड्यावर जळजळत असेल, नेलपॉलिश काढायच्या द्रवाचा वास येत असेल, तर ब्रुअरने घाई केली. इथाइल अॅसिटेट आणि फ्युजेल जास्त झालेत. ऊब मात्र हवी, ती दोष नाही. आणि गिळल्यावर दातांवर गोड थर राहत असेल तर आंबवण अर्धवट थांबलीय किंवा साखरेचं गणित चुकलंय. आपल्याकडच्या मायक्रोब्रुअरींत ‘बेल्जियन’ पाटीखाली मिळणाऱ्या बिअर बहुतेक ह्या दुसऱ्या परीक्षेत अडकतात. लवंग-केळी आणणं सोपं आहे, योग्य यीस्ट विकत घेतलं की निम्मं काम झालं. कोरडेपणा आणायला संयम लागतो, आणि टाकी दोन-तीन आठवडे अडकवून ठेवणं धंद्याला परवडत नाही.

खरंच खराब झालेली बाटली ओळखायची खूण अशी. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर ऑक्सिजन लागलाय. काळसर बिअरमध्ये तो जुन्या शेरी वाइनकडे झुकला तर मी माफ करतो, सोनेरीत नाही. उन्हात किंवा ट्यूबलाइटखाली पडलेल्या बाटलीला, विशेषतः हिरव्या काचेच्या, जळक्या रबरासारखा उग्र दर्प येतो. हॉप्समधली द्रव्यं प्रकाशाने तुटतात म्हणून. व्हिनेगरसारखं आंबट लागलं तर संसर्ग. बूच काढताच बिअर आपोआप उसळून अर्धी सांडली आणि बाटली नीट थंड होती, तर तीही शंकेची जागा. तुमच्या सांगण्यात ह्यातलं काहीच नाही.

आपल्या स्ट्राँगबद्दल दोन शब्द, कारण तुलना तुम्हीच काढलीत. आपल्या अन्नसुरक्षा नियमांत पाच ते आठ टक्क्यांची बिअर ‘स्ट्राँग’. ती लागर यीस्टची, तांदूळ, मका किंवा साखर घालून हलकी केलेली, आणि बर्फासारखी थंड पिण्यासाठी घडवलेली. चाळीस अंशांच्या मे महिन्यात मिरज रोडवरून दमून आलेल्या माणसाला कुणी शिमे दिली तर ती शिमेची नालस्ती होईल. हवं तर एक प्रयोग करा. दोन्ही बिअर शेजारी ठेवा आणि बारा अंशांपर्यंत चढू द्या. एकीतून वास बाहेर येत जातात, दुसरीतली गोडी आणि अल्कोहोल सुटी सुटी लागायला लागतात. दुसरीचा त्यात दोष नाही, ती त्या तापमानासाठी केलेलीच नाही.

सोबत काय खावं? ड्युवेलबरोबर सांगलीचं भडंग छान जातं. शेंगदाणा, लसूण, तेलकटपणा, सगळं बुडबुडे धुऊन काढतात. पण तिखट बेताचं असू द्या. अल्कोहोल तिखटाचा जाळ वाढवतो, म्हणून तांबड्या रश्श्याबरोबर नऊ टक्क्यांची बिअर घेणाऱ्याची मला कीव येते. शिमेबरोबर सुकं मटण, भाजलेल्या खोबऱ्याचं वाटण असलेलं, चांगलं. आणि कुणाला न सांगता करायची जोडी म्हणजे सातारचा कंदी पेढा. भाजलेल्या खव्याची खरपूस चव आणि शिमेतली काकवी एकमेकांना अशा ओळखतात की बाकी काही लागत नाही. देवापुढे ठेवलेला पेढा मात्र घेऊ नका, घरच्यांशी पुढचं तुम्हीच निस्तरायचं.

प्रमाण नीट समजून घ्या, कारण बाटली लहान दिसते. ३३० मिलीच्या नऊ टक्क्यांच्या बाटलीत साधारण ३० मिली शुद्ध अल्कोहोल असतं. व्हिस्कीच्या ६० मिलीच्या पेगमध्ये, ४२.८ टक्क्यांनी, २६ मिलीच्या आत. म्हणजे ही छोटी बाटली मोठ्या पेगपेक्षा थोडी जास्तच. आपल्या कायद्यात गाडी चालवताना १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. एका शिमेनंतर ती ओलांडली जाण्याची शक्यता भरपूर, म्हणून किल्ली दुसऱ्याकडे. दोघांनी एक बाटली वाटून घेणं हा माझ्या मते उत्तम मार्ग. शेवटचा घोट गरम होईस्तोवर थांबायलाही मग जड जात नाही.

राहिला तुमचा शेवटचा उपप्रश्न, शिमे वर्ष-दोन वर्षं ठेवली तर आणखी मुरते का. मुरते. बाटलीत जिवंत यीस्ट आहे, ते आत शिरलेला थोडाफार ऑक्सिजन खातं. लवंग-मिरी हळूहळू मावळते आणि मनुका, अंजीर, पुढे शेरीसारखी खोली येते. ड्युवेलचं तसं नाही, तिच्यातल्या हॉप्सचा ताजेपणा गेला की मजा गेली. पण मुरायला १२ ते १६ अंशांची, अंधारी, तापमान न हलणारी जागा लागते. सांगलीच्या घरात मे महिन्यात कपाटाच्या आतसुद्धा तीस-पस्तीस अंश होतात आणि त्या उष्णतेत बिअर मुरत नाही, शिळी होते. वाइनसाठीचा छोटा थंड कपाट-फ्रीज असेल तर दोन दिवाळ्या थांबा. नसेल तर पाडव्याच्या आत फोडा, भावाला घरी बोलावून.